नगरपालिकेला माल घालताना

पिण्याच्या पाण्यात टाकायची टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, तुरटी आणि पीएसी (पॉलीअॅल्युमिनियम क्लोराइड) हा आमचा माल, आणि नदीतून पाणी उचलणाऱ्या जॅकवेलवरच्या मोटरी-पंपांची दुरुस्ती हे आमचे काम. कुपवाडच्या एमआयडीसीत शेड आहे. सांगली, कोल्हापूर, सातारा या जिल्ह्यांतल्या लहान नगरपरिषदा आणि नगरपंचायती हे आमचे मुख्य गिऱ्हाईक. कारखाने आणि दूध संघांनाही माल जातो, पण निम्म्याहून जास्त धंदा पालिकांचा. "सरकारी कामात कशाला अडकून पडलास?" असे सोयरेधायरे अजून विचारतात. मला मात्र या कामाचा अभिमान वाटतो. आपण घातलेला माल गावातल्या प्रत्येक घरात, प्रत्येक लेकराच्या पोटात जातो. असे दुसरे गिऱ्हाईक मला माहीत नाही.

एवढी वर्षे हे केल्यावर एक गोष्ट ठाम सांगू शकतो. लहान पालिकेशी व्यवहार करताना भाव आणि माल यांच्याइतकीच, किंबहुना जास्त, महत्त्वाची असते ती वेळ. माल कधी मागवला, कधी पोचला, बिल कधी निघाले. पालिकेच्या फायलीत भावाची नोंद चोख असते. वेळेची नोंद कोणी ठेवत नाही, आणि गावाचे नुकसान तिथेच होते.

आधी गिऱ्हाईक कसे आहे ते सांगतो. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने लोकसंख्येवर वर्ग पाडले आहेत. एक लाखाच्या वर अ वर्ग, चाळीस हजार ते एक लाख ब वर्ग, त्याखाली क वर्ग, आणि त्याहून लहान गावांना नगरपंचायत. आमची गिऱ्हाइके बहुतेक क वर्गातली. बाहेरून इमारत दुमजली, समोर पुतळा, ध्वजस्तंभ, पण खरेदीशी संबंध असलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मुख्याधिकारी, लेखापाल, पाणीपुरवठा अभियंता, भांडारपाल, आवक-जावकचा कारकून. त्यातही अभियंत्याकडे शेजारच्या गावाचा अतिरिक्त कार्यभार असतो, लेखापालाची जागा रिकामी असते, भांडारपाल जन्म-मृत्यू नोंदणीही सांभाळत असतो. खरेदीचा वेगळा विभाग मोठ्या महापालिकेत असतो. इथे ज्या अभियंत्याने सकाळी फुटलेली जलवाहिनी जोडून घेतली, त्यालाच दुपारी तुरटीच्या निविदेची टिपणी लिहायची असते.

आणि त्या टिपणीवर सही करणाऱ्याच्या मनात लेखापरीक्षण असते. मुख्याधिकारी काही वर्षांत बदलून जातात, पण स्थानिक निधी लेखापरीक्षकांचा आक्षेप त्यांच्या मागे पुढच्या गावी जातो. कधी कधी निवृत्तीनंतर पेन्शनच्या वेळीही तो निघतो. बाहेरच्या माणसाला वाटते की साहेब मुद्दाम अडवतात. माझा अनुभव वेगळा आहे. बहुतेक साहेबांना काम व्हायलाच हवे असते. आज केलेल्या सहीचा उद्या जाब द्यावा लागला तर दाखवायला कागद पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे असते. म्हणून आमच्या बिलासोबत चलन, बॅचचा तपासणी दाखला, वजनकाट्याची पावती, पुरवठा आदेशाची प्रत आणि जीएसटीचे कागद पहिल्याच दिवशी लावलेले असतात. कारकुनाला फोन करून मागावे लागले की आठवडा गेलाच.

निविदेबद्दल फार लिहीत नाही, ती पद्धत आता सर्वांना माहीत आहे. उद्योग विभागाची खरेदीची नियमपुस्तिका १ डिसेंबर २०१६ ची. तिने तीन लाखांवरच्या खरेदीला ई-निविदा लावली आणि त्याखाली दरपत्रके मागवायची मुभा ठेवली. संकेतस्थळावर दोन लिफाफे भरायचे, एक तांत्रिक आणि एक आर्थिक. डिजिटल सहीचे टोकन लॅपटॉपला लावायचे, शेवटच्या दिवशी सर्व्हर बसेल हे धरून आदल्या दिवशीच काम संपवायचे. त्याच सुमारास जेम पोर्टल आले. संगणक, खुर्च्या, झाडू यांसाठी ते सोयीचे आहे. गावाच्या पाण्यासाठी लागणारा माल मात्र नुसत्या यादीतून निवडता येत नाही, आणि ते का, हेच मला सविस्तर सांगायचे आहे.

टीसीएल ही पांढरी पावडर. पंचवीस किलोच्या पोत्यात येते, आत प्लास्टिकची पिशवी असते. भारतीय मानक १०६५ प्रमाणे पहिल्या प्रतीच्या पावडरीत निदान ३४ टक्के उपलब्ध क्लोरीन हवा. पाणी निर्जंतुक करतो तो हा क्लोरीन. बाकीचा चुना. हिशेब सोपा आहे. गावाला रोज तीस लाख लिटर पाणी सुटते आणि लिटरमागे दोन मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा आहे, तर दिवसाला सहा किलो क्लोरीन लागला. पावडर चांगली असेल तर साधारण अठरा किलो, म्हणजे पाऊण पोत्याला थोडी कमी. शेवटच्या नळाला क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट केली की नळीतले पाणी पिवळे दिसले पाहिजे. लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन तरी उरलेला असावा, असे पिण्याच्या पाण्याचे मानक सांगते.

आता अडचण इथे आहे की टीसीएल हा दुधासारखा नासणारा माल आहे. उष्णता, दमटपणा आणि उजेड यांनी त्यातला क्लोरीन उडत जातो. पोत्याचे वजन तेवढेच राहते, रंग तोच राहतो, छापलेली टक्केवारी तीच राहते. पाणीपुरवठ्याच्या भांडाराला बहुधा पत्र्याचे छप्पर असते. एप्रिल-मे महिन्यांत त्या खोलीत पाच मिनिटे उभे राहवत नाही. तिथे रचलेल्या पोत्यांचे जून-जुलैपर्यंत काय होत असेल ते सांगायला रसायनशास्त्र लागत नाही.

एका जलशुद्धीकरण केंद्रावर जुने ऑपरेटर होते. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणे. पावसाळ्याच्या तोंडाला मी तिथे पंपाचे ग्लँड बघायला गेलो होतो. त्यांनी मला हाताला धरून भांडारात नेले, एक पोते उसवले आणि म्हणाले, "मालक, जरा वाकून वास घ्या. पोतं उघडलं तरी डोळं झोंबत न्हाईत. ही पावडर न्हाई, चुना हाय." चांगल्या टीसीएलचे पोते उघडले की नाकाला ठसका लागतो आणि डोळ्यांत पाणी येते. त्या पोत्यावर मी वाकलो तर ओल्या भिंतीसारखा वास आला. माल दुसऱ्या पुरवठादाराचा होता, पण त्यालाही मी दोष देणार नाही. मार्चमध्ये आला तेव्हा तो माल ठीकच असणार. मामा ठरल्या मापाने रोज पाटी टाकत होते, टाकीवरच्या वहीत रोजचे किलो लिहिले जात होते, आणि पाण्यात क्लोरीन निम्माही जात नव्हता.

मार्चमध्येच एवढा माल का आला? कारण ३१ मार्चला तरतूद संपते. अंदाजपत्रकात पाणीपुरवठा रसायनांसाठी ठेवलेली रक्कम त्या तारखेपर्यंत खर्ची पडली नाही तर पुढच्या वर्षी तेवढी मिळेल याची खात्री नसते. शिवाय घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली जोरात होते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणून हातात पैसाही तेव्हाच असतो. मग वर्षाचा माल एकदम मागवला जातो. पाण्याचे वर्ष मात्र जूनला सुरू होते. नद्या गढूळ होतात, तुरटीचा डोस वाढतो, फुटक्या वाहिन्यांत सांडपाणी शिरायची भीती वाढते, आणि त्याच वेळी भांडारात तीन-चार महिने उन्हाळा खाल्लेली पावडर असते. हिशेबाचे वर्ष आणि पावसाचे वर्ष यांचा मेळ बसत नाही, आणि तो बसवणे हे खरे तर आम्हा पुरवठादारांचे काम आहे, कारण दोन्ही बाजू आम्हाला दिसतात.

आमच्या पट्ट्यात याची किंमत काय असते ते सगळ्यांनी पाहिले आहे. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसे दगावली. त्या साथीचे कारण नदीचे प्रदूषण आणि वाहिन्या असे बरेच मोठे होते, एका पोत्याची गोष्ट नव्हती. पण त्यानंतर पाणी विभागाच्या कुठल्याही अभियंत्यापुढे क्लोरीनचा विषय काढला की तो खुर्चीत सरसावून बसतो, हे मी बघतो.

मामांकडून आल्यावर मी त्या गावच्या अभियंत्यांना भेटलो. तरुण होते, ऐकून घेणारे होते. त्यांना म्हटले, "साहेब, पुढच्या वेळी वार्षिक दरकरार करा. दर वर्षभराचा, माल महिन्याचा. तुमची मागणी येईल तसा लॉट टाकू, आणि प्रत्येक पोत्याची उत्पादन तारीख दोन महिन्यांच्या आतली हवी अशी अटच घाला." त्यांना पटले. लेखापालांना पटेना. त्यांचा प्रश्न रास्त होता, "ऑर्डर वर्षाची, माल महिन्याचा, मग ३१ मार्चला जी तरतूद शिल्लक राहील तिचं काय करायचं?" उत्तर शोधायला आम्ही तिघे बराच वेळ बसलो. शेवटी असे ठरले की दरकराराचे वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर धरायचे. पावसाळ्याची वाढीव मागणी त्यामुळे नव्या तरतुदीत बसते आणि मार्चपर्यंतचे लॉट जुन्या तरतुदीतून निघतात. निविदेत तारखेची अट आली. प्रत्येक लॉटमधले एक पोते दोघांसमोर उघडून नमुना घ्यायचा आणि त्याचा अहवाल बिलाला जोडायचा, हीही अट आली.

ती निविदा भरताना भाव थोडा चढा पडला, कारण वाहतूक वर्षातून एकदाच्या ऐवजी बारा वेळा होणार होती. पण मामांनी टाकायच्या पाट्या कमी झाल्या. वर्षाखेर किलोंचा आकडा खाली आला आणि एकूण खर्च वाढला नाही. हा अनुभव मी नंतर इतर पालिकांमध्ये सांगत गेलो. काहींनी घेतला, काहींनी ऐकून सोडून दिला. ज्यांनी सोडला त्यांच्याकडे अजून मार्चमध्ये ट्रक उभा राहतो.

सर्वांत कमी भाव हा नियम वाईट नाही. लोकांच्या पैशाला तोच नियम असावा. पण कमी भाव कशाचा? पोत्याचा, की क्लोरीनचा? हे ठरते निविदेतल्या अटींच्या चार ओळींत. त्या ओळी लिहायला लहान पालिकेत कोणाला सवड नसते, म्हणून मागच्या वर्षीची निविदा तारीख बदलून पुन्हा निघते. पुरवठादाराने अटी स्वतः लिहून देऊ नयेत, ते गैर आहे, आणि माझ्या मालाला सोयीची अट मी कधी मागितली नाही. पण सर्वांना लागू असलेले मानक काय आहे, माल कसा साठवावा, नमुना कसा घ्यावा, हे लेखी देण्यात गैर काही नाही. मी ते निविदा निघण्याच्या पुष्कळ आधी, आवक क्रमांक घेऊन, उघडपणे देतो. मग ते इतर पुरवठादारांनीही वाचले तरी हरकत नसते.

आता मोटरींचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. नदीकाठच्या गावांत सगळीकडे पाणी, आणि पिण्याला थेंब नाही, कारण जॅकवेल आणि पंपहाऊस पाण्याखाली. पूर ओसरू लागला तसे फोन सुरू झाले. एका गावाचे अभियंते स्वतः ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मोटर घालून आमच्या शेडवर आले. अंगावर तीन दिवसांचा चिखल होता. मोटर उतरवली, टर्मिनल बॉक्स उघडला, तर आत गाळ. इन्सुलेशन मोजणारा मेगर लावला, काटा शून्यावर. वाइंडिंग आणि बॉडी यांच्यात इन्सुलेशन म्हणून काही उरलेच नव्हते.

अशा वेळी घाई केली तर मोटर जळते. आधी गोड्या पाण्याने गाळ धुवून काढायचा, मग स्टेटर भट्टीत मंद उष्णतेवर सुकवायचा, मधून मधून मेगर लावून बघायचे, काटा चढू लागला की थोडे थांबून व्हार्निश द्यायचे, पुन्हा सुकवायचे. बेअरिंग सगळी नवी. आमच्या पोरांनी पाळ्या लावून काम केले. त्यांतल्या निम्म्यांची घरे पुरात होती. अभियंते शेडच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून राहिले. निविदा नव्हती, दरपत्रक नव्हते, कार्यादेश नव्हता. कायद्यात तातडीच्या कामाला वाट ठेवलेली आहे आणि नंतर कार्योत्तर मंजुरी घेता येते. पण त्या साहेबांनी निघण्याआधी एक गोष्ट केली. आमच्याकडचा कोरा कागद मागितला आणि हाताने पत्र लिहिले: मोटरीचा क्रमांक, अश्वशक्ती, पुरामुळे बंद पडल्याची नोंद, तातडीने दुरुस्त करून द्यावी अशी विनंती, तारीख, वेळ, सही. मी म्हटले, "साहेब, राहू द्या, नंतर बघू." ते म्हणाले, "नंतर मी इथे असेन का नाही, सांगता येत नाही. कागद असू दे." पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. लेखापरीक्षणात त्या दुरुस्तीवर आक्षेप निघाला तेव्हा फायलीत ते हस्ताक्षरातले पत्र होते, आणि तेवढ्यावर आक्षेप वगळला गेला. सरकारी नोकरीत अशी माणसे आहेत, त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून इथे लिहितो.

मोटर बसली आणि गावाला पाणी सुटले. त्या कामाचे बिल निघायला मात्र वर्षाच्या वर गेले.

बिलाचा विषय काढायलाच हवा, कारण चांगले पुरवठादार या धंद्यातून बाहेर पडतात ते याच कारणाने. लहान पालिकेचे उत्पन्न कुठून येते ते बघा. १९९९ साली नगरपालिकांची जकात गेली. तिच्या बदल्यात सरकारचे सहायक अनुदान येऊ लागले, त्यातला मोठा वाटा पगारावर जातो. वित्त आयोगाचा निधी येतो, त्यातला बराचसा पाणी आणि स्वच्छतेच्या कामांना बांधलेला असतो. राहिली घरपट्टी आणि पाणीपट्टी. पाणीपट्टीतून पाण्याचा खर्च भागतो अशी पालिका मी तरी पाहिली नाही. आलेल्या पैशातून आधी पगार, मग महावितरणचे बिल, कारण ते थकले तर पंपाची वीज तुटते. पुरवठादार शेवटी. त्याने माल देणे बंद केले तरी दुसरा कोणी येईल, असा भरवसा असतो.

म्हणून आमच्या धंद्यात नव्याने येणाऱ्या पोरांना मी सांगतो, भाव भरायच्या आधी विचारा की हा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून होणार आहे आणि त्या शीर्षात आज पैसे आहेत का. स्वनिधीतून असेल तर मार्चशिवाय आशा धरू नका. निधी आधीच जमा असेल तर थोडा कमी भाव परवडतो.

हिशेब मांडून दाखवतो. एक लाखाचा माल घातला, वर अठरा टक्के जीएसटी. बिल झाले एक लाख अठरा हजारांचे. पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत तो कर भरायचा, पालिकेने पैसे दिले असोत वा नसोत. यातला काही भाग आम्ही माल घेतानाच दिलेला असतो, उरलेला रोख जातो. दोन्ही आमच्याच खिशातून. कंत्राट अडीच लाखांच्या वर असेल तर १ ऑक्टोबर २०१८ पासून बिलातून दोन टक्के टीडीएस कापला जातो, तो नंतर खात्यात दिसतो. आता बँकेच्या कॅश क्रेडिटवर बारा टक्के व्याज धरा आणि बिल नऊ महिन्यांनी निघाले असे धरा. व्याज झाले दहा हजार सहाशे वीस रुपये. या मालावर दहा टक्के सुटले तर दहा हजार. म्हणजे माल घालून, कर भरून, वर्षभर पोरांचे पगार देऊन हातात उणे सहाशे वीस.

असे एकदा झाले की पुढच्या वर्षी प्रत्येक पुरवठादार ते व्याज भावात धरतो. मी धरतो, माझ्या शेजारचा धरतो. ज्याला भांडवल उभे करता येत नाही तो निविदा भरतच नाही, स्पर्धा कमी होते, भाव आणखी चढतो. पालिकेला वाटते की बिल थांबवून आपण पैसे वाचवले. प्रत्यक्षात गावाची पाणीपट्टी आमच्या हातून बँकेच्या व्याजात जाते. माझ्या मते लहान पालिकांच्या खरेदीत एवढी उघड आणि एवढी अनावश्यक गळती दुसरी नाही.

कायदा आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत दिले पाहिजेत असे २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. २०१७ पासून तक्रारीसाठी समाधान पोर्टलही आहे. पण यात दोन अडचणी आहेत. व्यापारी उद्यम नोंदणी करू शकतो, पण २०२१ च्या आदेशाप्रमाणे त्याला तिचा लाभ बँकेच्या प्राधान्य कर्जापुरताच मिळतो, उशिराच्या व्याजाचे संरक्षण मिळत नाही. म्हणजे मोटर दुरुस्तीच्या बिलाला मला कायदा लागू होतो आणि विकत आणून विकलेल्या टीसीएलला नाही. दुसरी अडचण माणसांची. ज्या पालिकेची पुढची निविदा भरायची आहे तिच्यावर तक्रार कोण करणार? खासगी कंपन्यांना आता भीती असते की लघु उद्योगाचे बिल थकवले तर आयकरात तो खर्च त्या वर्षी धरता येणार नाही. पालिकेला आयकरच नाही, त्यामुळे तीही भीती नाही.

थकलेल्या बिलाशेजारीच टक्केवारी उभी असते. हे लिहायला जड जाते, पण टाळले तर हा लेख खोटा ठरेल. माल चोख, कागद पूर्ण, पैसे खात्यात, तरी बिल टेबलावरून हलत नाही, आणि मग कोणीतरी चहाच्या टपरीवर आकडा सांगतो. एका गावात मला तो सांगितला गेला. मी दिला नाही. ते बिल मिळायला फार काळ लागला, आणि त्या गावात मी पुन्हा निविदा भरली नाही. ज्याने भरली त्याने तो आकडा भावात किंवा मालात कुठेतरी बसवला असणार, दुसरा मार्गच नाही. टीसीएलच्या बाबतीत मालात बसवला तर क्लोरीन कमी येतो. टक्केवारी घेणाऱ्याच्या घरचा नळही त्याच टाकीला जोडलेला असतो. बिले आवक क्रमांकाने, आलेल्या क्रमानेच निघाली पाहिजेत असा नियम झाला तर आकडा सांगणाऱ्याच्या हातात विकायला काही उरणार नाही.

२०२५ पर्यंतची तीन-चार वर्षे बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होते. निर्णय एका सहीत होत, ठरावासाठी सभेची वाट पाहावी लागत नसे. ते आम्हाला सोयीचे पडले, हे खरे आहे. पण नळाला गढूळ पाणी आले तर वॉर्डातल्या बाईने कोणाच्या दारात जायचे, याला तेव्हा उत्तर नव्हते. २०२५ च्या डिसेंबरात निवडणुका झाल्या, थेट निवडून आलेले नगराध्यक्ष आले, सभागृहे पुन्हा भरली. माझ्या सोयीपेक्षा हे बरे आहे.

या नव्या नगराध्यक्षांना आणि नगरसेवकांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्या पहिल्या काही सभांमध्ये पाणीपुरवठ्याची थकीत देयके किती, कोणाची आणि कोणत्या तारखेपासूनची, याची यादी मागा आणि ती नोटीस बोर्डावर लावा. टीसीएलचा माल महिन्याच्या लॉटने घ्या, पोत्यावरची उत्पादन तारीख बघा, नमुना तुमच्यासमोर काढायला लावा. भांडाराला पत्र्याऐवजी स्लॅब टाका, तो खर्च फार नाही. आणि जो लॉट तपासणीत पास झाला त्याचे पैसे ४५ दिवसांत द्या. एवढे केलेत तर पुढच्या निविदेत चार नवे पुरवठादार येतील आणि भाव खाली येईल. मीही माझा भाव खाली आणीन, हे इथे लिहून देतो.